घास साबूचा

रात्रीचे अडीच. सकाळी दहाला स्टोरी द्यायचीये, एडिटरचे दोन मिस्ड कॉल पडलेत, आणि मी मोबाइलचा टॉर्च लावून फरशीवर लेंड्या शोधतेय. हसू नका! एकही सापडली नाही, तेव्हा माझे हातपायच गळाले.

साबू म्हणजे माझा ससा. पूर्ण नाव साबूदाणा. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं, तेव्हा कोथरूडच्या वन रूम किचनमध्ये दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. म्हणून हा दोन महिन्यांचा गोळा घरी आणला. दुकानदार म्हणाला, "गाजर द्या, ब्रेड द्या, काही टेन्शन नाही." मीही मान डोलावली. कार्टूनमधल्या सशाच्या हातात कायम गाजरच असतं ना! सोबत वाळलेल्या गवताचं एक पाकीट घेतलं होतं. ते मी गादी म्हणून पिंजऱ्यात पसरलं.

दोन आठवडे मजेत गेले. गाजर, बिस्किटं, रंगीबेरंगी दाण्यांचं मिक्स, पठ्ठ्या सगळं फस्त करायचा. मग एका संध्याकाळी त्याने गाजराकडे पाठ फिरवली आणि कोपऱ्यात अंग चोरून बसला. मला वाटलं, मूड नसेल. मलाही डेडलाइनच्या दिवशी भूक लागत नाहीच की.

अडीच वाजता डॉक्टरांना फोन केला. "सकाळपर्यंत थांबू नका, आत्ताच आणा," ते म्हणाले. टोपलीत साबू, वर माझी ओढणी, आणि दुप्पट भाडं मागणारी रिक्षा. टेबलावर ठेवताच डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गवत किती खातो?"

"गवत? तो त्यावर झोपतो."

डॉक्टर काहीच बोलले नाहीत. ती शांतता मला अजून आठवते.

एक्स-रेमध्ये काही अडकलेलं दिसलं नाही, पण पोट गॅसने फुगलं होतं आणि आतडी जवळजवळ थांबली होती. सशाच्या पोटाचं गणित त्या रात्री कळलं. त्याची आतडी सतत हलती राहावी लागतात आणि ती हलती ठेवतो गवतातला चोथा. चोथा कमी आणि साखर-पिष्ट जास्त झालं, की आतल्या जीवाणूंचा तोल जातो, गॅस धरतो. सशाला उलटी करता येत नाही, आणि दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तरी जिवावर बेतू शकतं. दातांचंही तसंच. ते जन्मभर वाढतात, आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर! गवत आडवं रवंथल्यासारखं चावूनच ते झिजतात. थोडक्यात, गवत हे जेवण आणि गाजर ही मिठाई. मी पोराला दोन आठवडे नुसते पेढे भरवत होते.

सलाइन झालं, औषधं झाली. पुढे दोन दिवस, डॉक्टरांनी दाखवलं तसं, सिरिंजने थोडं थोडं भरवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे फरशीवर चार लेंड्या दिसल्या. तुम्हाला सांगते, पहिल्या बायलाइनलाही मी एवढी नाचले नव्हते.

डॉक्टरांनी अल्फाल्फा आणि टिमथी असं दोन्ही गवत लिहून दिलं. वाढत्या पिल्लाला अल्फाल्फा चालतं, कारण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. पण सहा-सात महिन्यांनंतर ते हळूहळू बंद करायचं. जास्तीचं कॅल्शियम सशाच्या लघवीतून जातं आणि मग खडे व्हायची भीती. मोठेपणी पोटभर खायचं ते टिमथीसारखं साधं गवतच.

आईला फोनवर हे सगळं ऐकवलं. ती सांगलीकडची, गोठ्यात वाढलेली. "अल्फाल्फा म्हणजे काय गं?" मी फोटो पाठवला. पलीकडून खो खो हसू. "अगं, हा लसूणघास! आपल्या म्हशी खायच्या. आणि तू पाकिटातनं विकत आणतेस?"

हसून झाल्यावर मात्र तिने क्लास घेतला. वास घेऊन बघ, कुबट आला तर टाकून दे. पावसाळ्यात हवाबंद पिशवीत कोंडू नकोस, बुरशी धरेल. पायाखाली पसरू नकोस, तुडवलेल्या चाऱ्याला जनावर तोंड लावत नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "आई बरोबर सांगतायत." मग मी पुठ्ठ्याच्या खोक्यात गवत भरून ते त्याच्या शी-शूच्या ट्रेला लावून ठेवलं. सशांना खाता खाता तिथेच उरकायची सवय असते. रोज निदान त्याच्या अंगाएवढा ढीग संपायला हवा.

फोन ठेवता ठेवता आईने विचारलं, "आणि तू जेवलीस का?"

"हो," म्हणाले. खोटं होतं. दुपारचे चार वाजले होते आणि पोटात फक्त तीन कॉफ्या.

साबू आता सात महिन्यांचा आहे. लसूणघास कमी होतोय, टिमथी वाढतंय. रात्री नऊला मी त्याचं खोकं भरते, शेजारी माझं ताट घेऊन बसते. लॅपटॉप बंद. तो कुरुम कुरुम खातो, मी वरण-भात. आईचा फोन आला, की आता खरं उत्तर देता येतं.