सोळा नटांचा संसार

"तुमच्याकडे रविवारी आलं तर चहा मिळतो की ऑईल?" असं आमची शेजारीण नेहमी विचारते. प्रश्न तसा रास्तच आहे. अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी आमची जुनी मारुती ८०० उभी असते आणि सुटीच्या दिवशी आम्ही नवरा-बायको तिच्यात डोकं घालून बसलेलो असतो.

आमच्या ह्यांचं कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात लेथचं काम. मी बी. ए. झालेली, सकाळी अर्धवेळ शाळेत शिकवते. लग्नानंतर रात्री ह्यांना बॅटरी धरायला म्हणून उभी राहू लागले आणि हातात पाना कधी आला ते कळलंच नाही. मागची सीट काढून गाडी हलकी केली ती दोघांनी मिळून. नव्या ओट्यासाठी साठवलेले पैसे इंजिनाच्या बोअरिंगला गेले, तेही मीच काढून दिले. आता तक्रार करणार कुणाकडे?

हा सगळा खटाटोप ऑटोक्रॉससाठी. मातीच्या मैदानावर वळणावळणाची वाट आखतात, गाड्या एकेक करून सुटतात आणि वेळ घड्याळावर मोजतात. एक फेरी ह्यांची, एक बायकांच्या गटात माझी.

चाकं बदलणं माझ्याकडे. एका चाकाला चार नट, चार चाकांचे सोळा. "सोळा शृंगार ऐकले होते बाई, हे सोळा नट कुठले?" असं सासूबाई म्हणायच्या. सुरुवातीला मी बसवलेले नट हे पुन्हा पाना लावून बघत. मला फार राग यायचा. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं मी एकदा फणकाऱ्याने म्हटलं. तेव्हापासून ह्यांनी बघणं सोडलं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. गाडी जॅकवर असताना मी पुढच्या चाकाचे नट हातानेच फिरवून ठेवले. गाडी खाली उतरवली की समोरासमोरचे नट पान्याने आवळायचे असतात. जॅक काढला आणि तेवढ्यात मुलीने "आई, पाणी" म्हणून हाक मारली. मी गेले. परत येते तो हे हेल्मेट घालून गाडी सुरू करून निघालेले, आणि पाना तसाच मातीत पडलेला! माझ्या पोटात धस्स झालं. पदर खोचून, हात हलवत मी धावत सुटले. सुटण्याच्या रेषेवर गाडी कशीबशी थांबवली. चारही नट बोटांनी फिरत होते.

ह्यांची पाळी गेली. घरी येईपर्यंत मी रडत होते. हे एवढंच म्हणाले, "अगं, चूक तुझी एकटीची नाही. न बघता बसलो तो मी."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना बेर्था बेंझची गोष्ट सांगत होते. १८८८ साली नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह, ही बाई जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली, हेही तिने नवऱ्याला सांगितलं, आणि त्याने गाडीत चढासाठी आणखी एक गिअर घातला. सांगता सांगता मीच थबकले. बायकोने उणीव दाखवली म्हणून कार्ल बेंझ रुसून बसला नव्हता!

तेव्हापासून आमचा नियम झाला. एकाने आवळायचं, दुसऱ्याने पाना लावून मोठ्याने सोळापर्यंत मोजायचं. गॅसचं बटण असो की विजेचं बिल, घरातही तेच. ह्यांनी आमटीचं मीठ चाखून बघितलं तरी आता मला राग येत नाही. बघणं म्हणजे संशय नव्हे, हे उमजायला मला चार सुटे नट लागले.

परवा जोतिबाला निघालो, तर सासूबाई गाडीच्या दारापाशीच थांबल्या. म्हणाल्या, "सोळा मोजलेत ना? मग बसते."