सासूबाईंचा रेडिओ आणि शिळी वेळ

मैत्रिणींनो, तुमच्याकडे रेडिओ आहे का हो? कपाटावर धूळ खात पडलेला नव्हे, रोज लागणारा! आमच्याकडे आहे, आणि सध्या घरातले निम्मे वाद त्याच्यावरूनच होतात.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं १९५३ साली. सासूबाई तेव्हा परकऱ्या पोर. त्या केंद्राला त्या माहेरचं माणूसच मानतात. २०२३ च्या जूनमध्ये तिथला वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायच्या, असा हुकूम निघाला, तेव्हा दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. श्रोत्यांनी ओरड केली, हुकूम थांबला, मग कुठे त्यांनी भाकरी मोडली.

हल्ली मात्र रेडिओत खरखर फार. कारण आपल्याच घरात असतं बरं का! एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांच्यामुळे मध्यम लहरींत खरखर उठते. चार्जर काढून पाहा, बातम्या ऐकू येतील.

पण आमच्या चिरंजीवांनी वेगळाच उपाय काढला. आजीला फोनवर ‘न्यूज ऑन एअर’ घालून दिलं. आकाशवाणीच्या दोनशेंहून जास्त वाहिन्या, आवाज कसा स्वच्छ! अमेरिकेतली नणंदही आता पुणे केंद्र ऐकते. मायलेकींना बोलायला विषय झाला, हे मला फार आवडलं.

सासूबाईंना नाही आवडलं. इंटरनेटवरून येणारा आवाज थोडा साठवून मग वाजतो, म्हणून मागे राहतो. जन्मभर रेडिओवर घड्याळ लावलेल्या बाईला हे कसं चालावं? “शिळी वेळ सांगतो मेला!” शिवाय मध्येच कुणाचा फोन आला की बातम्या बंद, आणि माझे हात कणकेत.

मला काळजी वेगळीच आहे. फोनवर किती जण ऐकतात ते मोजता येतं. सेलवरच्या ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेली म्हातारी मोजणार कोण? उद्या “ऐकतंच कोण?” म्हणून एखादं केंद्र मिटवायला निघाले, तर ती हिशेबात नसेलच.

हे सासूबाईंना सांगितलं मात्र, लगेच पोस्टकार्डं आणायला मला पिटाळलं. आता आवडलेल्या कार्यक्रमाला त्या पत्र टाकतात. नावडलेल्याला तर दोन!