उन्हाळ्याची कमाई

तारुण्यात पदार्पण करणाऱ्या मुलामुलींच्या सुट्टीतल्या प्रेमकथा हा विषय धर्मगुरूच्या लेखणीला शोभणारा नाही, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. तरीही विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी येणाऱ्या तरुणांशी बोलताना एका अमेरिकन विनोदी चित्रपटाची मला वारंवार आठवण होते. ग्रेग मोटोला यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘अ‍ॅडव्हेंचरलँड’ हा तो चित्रपट. तो २००९ साली प्रदर्शित झाला. त्याचे कथानक १९८७ च्या उन्हाळ्यात पिट्सबर्ग शहरात घडते. मोटोला यांनी तरुणपणी लाँग आयलंडवरील याच नावाच्या करमणूक उद्यानात काम केले होते, आणि पदवीचे शिक्षण पिट्सबर्गमध्ये घेतले होते. त्यामुळे पडद्यावरचे जग त्यांनी जवळून पाहिलेले आहे, हे पदोपदी जाणवते.

जेम्स ब्रेनन हा नुकताच पदवीधर झालेला, पुस्तकांत रमणारा मुलगा. उन्हाळ्यात युरोपची सफर करायची आणि नंतर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पत्रकारिता शिकायची, असा त्याचा बेत असतो. इतक्यात वडिलांची नोकरीत पदावनती होते आणि घरातला पैसा आटतो. सफर रद्द होते. पुढच्या शिक्षणासाठी स्वतःच कमवावे लागणार हे स्पष्ट होते. पदवी हातात असूनही त्याला कुठे काम मिळत नाही. शेवटी गावाजवळच्या करमणूक उद्यानात, खेळांच्या स्टॉलवर, तो उभा राहतो.

हे चित्रीकरण पिट्सबर्गजवळच्या केनीवूड उद्यानात झाले. १८९८ साली सुरू झालेले हे उद्यान मोनाँगहेला नदीच्या काठी आहे. त्याच नदीच्या काठाने पोलाद कारखान्यांची रांग होती आणि अनेक पिढ्यांचे संसार त्या भट्ट्यांच्या आधाराने उभे राहिले होते. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ साली बंद पडला. चित्रपटात या गोष्टीवर भाषण नाही. परंतु जेम्सच्या वडिलांचा पडलेला चेहरा आणि गाडीत दडवलेली दारूची बाटली पाहताना, जिथे बापाच्या कामाची शाश्वती गेली आहे अशा गावात मुलगा पहिली मजुरी कमवायला निघाला आहे, हे ध्यानात ठेवावे. मग विनोदाखालचे दुःख दिसू लागते.

आणि ती मजुरी तरी कसली! उद्यानातले खेळ लबाडीचे आहेत. चेंडू मारून पुतळ्याच्या डोक्यावरची टोपी पाडायची, तर ती टोपी मुळी चिकटवलेली. स्टॉलवर टांगलेला भलामोठा कापडी पांडा कोणालाही जिंकू द्यायचा नाही, अशी मालकाची ताकीद. विद्यापीठात जीवनाचा अर्थ शोधणाऱ्या मुलाला जगाचा पहिला धडा मिळतो तो असा. प्रेक्षक हसतात, मलाही हसू आले. पण १४ सप्टेंबर १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमाविषयी जे परिपत्र प्रसिद्ध केले, त्याचाही मला आठव झाला. कामाचे मोल ते काम कोणते आहे यावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते, हे त्या शिकवणुकीचे सार. तरुणपणी खाणीत आणि रासायनिक कारखान्यात राबलेल्या पोपने ते लिहिले होते, म्हणून त्या शब्दांना वजन आहे. त्या फसव्या स्टॉलवर जेम्सचे माणूसपण टिकते ते सोबत्यांमुळे. उन्हातान्हात तासन्‌तास एकत्र उभे राहिलेल्या मुलांमध्ये जो जिव्हाळा निर्माण होतो, तो पगाराच्या पाकिटात मोजता येत नाही.

या सोबत्यांत एम नावाची मुलगी आहे. आई कर्करोगाने गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले, आणि आई मरणाच्या दारात असतानाच वडिलांचे या बाईशी सूत जुळले होते हा सल तिच्या मनात आहे. घरात हरवलेला आधार ती चुकीच्या ठिकाणी शोधते. उद्यानात दुरुस्तीचे काम करणारा कॉनेल हा विवाहित पुरुष; तो हौशी वादकही आहे. एका प्रसिद्ध गायकाबरोबर आपण वाजवले आहे, ही त्याची बढाई, आणि तिच्यावर भाळणाऱ्या मुलींना तो आईच्या घराच्या तळघरात घेऊन जातो. दुसरीकडे जेम्स आहे. प्रेमाशिवाय शरीरसंबंध नको, या त्याच्या धारणेची सगळे थट्टा करतात. चित्रपट मात्र त्याला हास्यास्पद ठरवीत नाही. पापाचे प्रवचनही तो देत नाही. तळघरातून बाहेर पडणाऱ्या मुलीचा एकटेपणा तेवढा दाखवतो. प्रवचनपीठावरून जे मला पुष्कळदा अर्ध्या तासात साधत नाही, ते या एका दृश्याने साधले आहे.

या चित्रपटात दारू आहे, गांजा आहे, शिवराळ भाषा आहे. तो लहान मुलांसाठी नाही. तथापि ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसलो, तो प्रसंग या सगळ्यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारा आहे, आणि त्यात ना दारूचा घोट आहे, ना शिवी.

जेम्सचा मित्र जोएल हा चष्मा लावणारा, चिलीम ओढणारा, रशियन साहित्य शिकलेला गरीब घरचा ज्यू मुलगा. स्यू ओमॅली या सहकारी मुलीशी त्याची जवळीक होते. त्याच्या आयुष्यात आनंदाचा एवढाच काय तो कवडसा. दुसऱ्याच दिवशी ती त्याला सांगते की आपले जमणार नाही, कारण आपण कॅथलिक आहोत आणि आईवडील ज्यू मुलाबरोबर फिरू देणार नाहीत. एम हे ऐकून खवळते आणि तिला खडसावते. जोएल मात्र गप्प राहतो. असे काही आपल्या वाट्याला येणारच, हे जणू त्याला आधीपासून ठाऊक होते.

कथेतले साल १९८७ आहे. त्याआधी बावीस वर्षे, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र प्रसिद्ध करून ज्यूद्वेषाचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला होता. केवळ एक वर्षापूर्वी, १३ एप्रिल १९८६ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे रोममधील ज्यू प्रार्थनामंदिरात गेले होते आणि ज्यूंना त्यांनी थोरल्या भावांच्या नात्याने संबोधले होते. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यानुसार बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करण्यास अडसर आहे खरा. परंतु बिशप योग्य कारणासाठी त्यातून सूट देऊ शकतात, आणि अशी सूट दिली जाते. कॅथलिक पक्षाने आपली श्रद्धा जपण्याचे व मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचे वचन द्यायचे असते. दुसऱ्या पक्षाला त्याची कल्पना द्यायची असते. म्हणजे ओमॅलींच्या घरात धर्माचे नाव घेऊन जे दार लावले गेले, ते ख्रिस्तसभेने लावलेले नव्हते.

ज्यू म्हटले की मराठी वाचकाला कोकणातले बेने इस्राएल आठवतात; शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपल्या पूर्वजांनी शनवार तेली म्हटले. त्यांच्याशी आपले वैर कधी नव्हते. म्हणून स्यूचा प्रसंग आपला नाही असे समजून पुढे जाणे सोपे आहे. मला ते जमत नाही. कार्यालयातल्या टेबलापलीकडे मुलीचे वडील बसलेले असतात आणि म्हणतात, “फादर, आपल्या धर्मात हे चालत नाही, तुम्हीच तिला समजवा.” मी कायदा समजावून सांगतो, सूट कशी मिळते ते सांगतो, भिन्न श्रद्धांच्या संसारातल्या खऱ्या अडचणीही लपवीत नाही. त्यांचे ऐकून झाल्यावर क्षणभर शांतता पसरते आणि मग खरे कारण बाहेर येते: “पण लोक काय म्हणतील?” बहुतेक वेळा अडचण श्रद्धेची नसतेच. ती जातीची असते, भाषेची असते, गावाची असते. कधी तर पलीकडच्या धर्मग्रामातल्या आपल्याच कॅथलिक मुलाविषयी असते. तिला वेदीचे वस्त्र पांघरले की ती पवित्र दिसू लागते, एवढेच.

पालकांच्या काळजीला मी कमी लेखत नाही. मिश्र विवाहात प्रार्थना कोणती, सण कोणते, मुलांना काय शिकवायचे, हे प्रश्न संसाराला पुरून उरणारे आहेत आणि ते लग्नाआधीच विचारले पाहिजेत. परंतु ते विचारणे वेगळे, आणि माणूस पाहण्याआधीच त्याला नकार देणे वेगळे. शोमरोनी स्त्रीशी विहिरीकाठी बोलत बसलेल्या येशूने तिला अवघड प्रश्न विचारले. मात्र त्याआधी त्याने तिच्याकडे पाणी मागितले होते.

चित्रपटाचा शेवट गोड आहे. जेम्स दारूच्या नशेत वडिलांची गाडी धडकवतो आणि उन्हाळाभराची कमाई नुकसान भरून देण्यात जाते. कोलंबियाचे स्वप्न हातचे निसटते. तरीही तो बसने न्यूयॉर्क गाठतो आणि पावसात भिजत एमच्या दाराशी उभा राहतो. तिचे जे काही घडले ते सारे जाणून तो आलेला असतो. क्षमा म्हणजे काय, हे त्याला आता कोणी शिकवायला नको. रित्या खिशाने आलेल्या या मुलाने उन्हाळ्यात काय कमावले, ते तिथे दिसते.

जोएलला मात्र कोणी भेटत नाही. तो चिलीम, पुस्तके आणि आपली विनोदबुद्धी घेऊन त्याच गावात राहतो. प्रेक्षक जेम्सबरोबर न्यूयॉर्कला जातात, आणि ते स्वाभाविक आहे. आपण कॅथलिक वाचकांनी मात्र थोडा वेळ जोएलजवळ थांबावे, असे मला वाटते. त्याला जो नकार मिळाला, तो आपल्या नावाने दिलेला होता.