भेडाघाटच्या दगडात कोंडलेली हवा

जबलपूरजवळच्या भेडाघाटचा संगमरवर चांदण्यात पाहावा म्हणतात. मी पाहिला भर दुपारी, तरी डोळे दिपले. पंचवटी घाटावरून नाव सुटली की दोन्ही बाजूंनी पांढरे, पिवळसर, मध्येच निळसर कडे उभे राहतात. त्यांच्यामधली नर्मदा इतकी निवांत, की थोडं वरच्या अंगाला हीच नदी धुवांधार धबधबा होऊन कोसळते हे खरं वाटत नाही. नावाडी यमकं जुळवत कड्यांतले आकार दाखवत होता. माझं वय सह्याद्रीच्या काळ्या कातळात गेलं. मी नुसती त्या पांढऱ्याकडे बघत राहिले.

थक्क करणारी गोष्ट त्या रंगाहून मोठी आहे. हा दगड डोलोमाइटी जातीचा, दीडशे कोटी वर्षांहून जुना. शुद्ध डोलोमाइट १०० किलो घेतला, तर त्यात सुमारे ४८ किलो कार्बन डायऑक्साइड असतो! हवेतून समुद्रात, समुद्रतळावर चुनखडीच्या गाळात, आणि पुढे जमिनीच्या पोटातल्या दाबाने, उष्णतेने संगमरवरात, असा तो वायू इथवर आला. म्हणजे त्या उंच कड्यांचं जवळजवळ निम्मं वजन हे एका प्राचीन आभाळाचं वजन आहे.

वर बाजारात मूर्ती कोरणाऱ्यांची दुकानं आहेत. एका कारागिराकडे संगमरवराची चिमूटभर पूड मागितली. "दीदी, ये तो बुरादा है," म्हणत त्याने कागदावर ती घालून दिली. तिच्यावर लिंबू पिळलं. क्षणभर काहीच नाही, मग बारीक बारीक बुडबुडे. दीडशे कोटी वर्षं कोंडलेला वायू माझ्यासमोर मोकळा होत होता. कारागीरही वाकून पाहू लागला. रोज ज्या दगडाला हात लावतो, त्याच्या पोटात हवा आहे हे त्यालाही नवं होतं.

हेच काम माणूस प्रचंड प्रमाणावर करतो. जबलपूरच्या उत्तरेला कटनी. तिथला चुना प्रसिद्ध, आणि त्याच जिल्ह्यात कैमोरचा जुना सिमेंट कारखाना. भट्टीत चुनखडी भाजली की १०० किलोमागे ४४ किलोपर्यंत वायू धुराड्यातून निघून जातो. त्यात जळणाचा धूर वेगळाच. निसर्गाने मिटवलेलं दार आपण उघडत सुटलो आहोत.

ते पुन्हा मिटवणारा दगडही जबलपूरजवळच आहे, आणि तो मला घरच्यासारखा भेटला. मंडल्याच्या रस्त्याला लागल्यावर काळा बेसाल्ट दिसू लागला, आणि मी गाडी थांबवायला लावली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्ह्याने सह्याद्री रचला, त्याचाच पूर्वेकडचा हा पसारा. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आंबट होतो, बेसाल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवतो, आणि तो वायू बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्राला मिळतो. तिथे तो हजारो वर्षं राहतो. नर्मदामाईची परिक्रमा करणारी आपली माणसं तीरावरून चालतात, तेव्हा शेजारच्या पाण्यातून हे विरघळलेलं आभाळ खंबातच्या आखाताकडे चाललेलं असतं.

पण दगड सावकाश झिजतो. जगभरच्या खडकांची झीज वर्षाला ढोबळमानाने १०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड ओढते. आपण कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट बनवून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतो. म्हणून बेसाल्ट दळून त्याची भुकटी शेतात पसरायची, म्हणजे झीज लवकर होईल, अशी कल्पना पुढे आली. मध्य भारतातल्या लहान भातशेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या 'माटी कार्बन'ला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. मातीला खनिजं मिळतात आणि तिची आम्लता कमी होते, हा शेतकऱ्याचा लाभ. खरी कसोटी मोजणीची आहे. भुकटीतलं किती विरघळलं, त्यातलं किती नदीपर्यंत पोचलं, आणि दळण्यावर, वाहतुकीवर किती डिझेल जळलं? हे वजा केल्याशिवाय एक टनही हिशेबात धरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

भारताने २०३० पर्यंत झाडं आणि जंगलं वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा कार्बन साठवण्याचं वचन दिलं आहे. देशात सर्वात जास्त जंगल मध्य प्रदेशात, आणि जबलपुरातच १९८८ पासून उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे. इथली साल-सागाची राई पाहून माझाही ऊर भरून आला. तरीही झाड वणव्यात जळतं, कुऱ्हाडीखाली येतं, बायकार्बोनेट टिकतं. धोरणात दोघांना एकाच भावाने तोलणं मला पटत नाही. आणि २०२२ च्या आयपीसीसी अहवालाने हवेतून कार्बन काढणं अटळ ठरवलं, ते उत्सर्जन झपाट्याने घटवण्याच्या जोडीला. त्याच्या बदल्यात नव्हे. भारतात सिमेंटसह चार उद्योगांना ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्सर्जनाची बंधनकारक उद्दिष्टं लागू झाली. कटनीच्या भट्ट्यांकडे बघून आलेल्या मला ही बातमी भुकटीच्या बक्षिसाहून मोठी वाटते.

हवेत उरलेला वायू शेतात काय करतो, हेही जबलपुरातच कळतं. शहरात महाराजपूरला तण संशोधन निदेशालय आहे. तिथे उघड्या शेतातल्या पिकांवर मुद्दाम जादा कार्बन डायऑक्साइड सोडून पीक आणि तण त्याला कसा प्रतिसाद देतात ते पाहतात. हवेत आज दहा लाख भागांत ४२० हून जास्त भाग हा वायू आहे. तिथे तो साडेपाचशेच्या आसपास नेतात. वायू वाढला तर पीक जोमाने येईल, असं म्हणणारे मला बरेच भेटले आहेत. त्यांनी एकदा महाराजपूरला यावं. तिथे पिकाच्या शेजारी तणही मोजलं जातं.