आल्सासच्या द्राक्षवाटेवर

फ्रान्समध्ये आगगाड्या डाव्या रुळावरून धावतात, आल्सासमध्ये उजव्या. १८७१ ते १९१८ हा प्रदेश जर्मनीच्या ताब्यात होता. त्या काळात इथल्या रेल्वेची घडी जर्मन पद्धतीने बसली आणि आल्सास फ्रान्सला परत मिळाल्यावरही ती कोणी मोडली नाही. जुन्या सीमेच्या आसपास एक रूळ दुसऱ्याला पुलावरून ओलांडतो आणि गाडी बाजू बदलते. डब्यात बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आल्सासमध्ये हिंडताना मला या बाजू बदलण्याचीच आठवण येत राहिली. इथे डोळ्यांना दिसतं ते फार सुंदर आहे, आणि त्या सौंदर्याला लागून जे आहे ते चटकन दिसत नाही.

‘वाइन रूट’ म्हणून ओळखला जाणारा इथला रस्ता १९५३ साली आखला गेला. उत्तरेला मार्लेनहाइमपासून दक्षिणेला तानपर्यंत सुमारे १७० किलोमीटर. पश्चिमेला व्होज पर्वताची रांग, पूर्वेला ऱ्हाइनचं सपाट खोरं आणि पलीकडे जर्मनीतला ब्लॅक फॉरेस्ट. पर्वत संपून मैदान सुरू होतं त्या उतारावर द्राक्षबागा, आणि बागांत रुतून बसलेली गावं. अटलांटिकवरून येणारे ढग व्होजच्या पलीकडेच रिते होतात. म्हणून कोल्मार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक. महाबळेश्वराचा पाऊस आणि माण-खटावचा दुष्काळ माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. निफाड-दिंडोरीच्या बागासुद्धा सह्याद्रीच्या अशाच आडोशाला उभ्या आहेत. फरक आहे तो वेलीच्या झोपेत. नाशिकची वेल थंडीतही झोपत नाही, म्हणून आपला शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून तिला वळण लावतो. आल्सासची वेल हिवाळाभर काडीसारखी निपचित पडते. तिला एकच छाटणी, तीही थंडीत.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी चालते तेव्हा या वाटेवरून पायी जावं. गेवुर्त्सट्रामिनर या जातीच्या द्राक्षांपासून पांढरी वाइन होते, पण घड मात्र गुलाबी असतात, थोडे तांबूस, ऊन पडलं की तांब्यासारखे झळकणारे. एक मणी तोंडात टाकला तर साल जाड लागते आणि मागाहून गुलाबाचा वास येतो. शेजारच्या ओळीत रिस्लिंगचे बारीक, हिरवट-पिवळे, घट्ट घड असतात. त्यांना घाई नसते, ते उशिरा पिकतात. जमीन दर थोड्या अंतरावर बदलते. कुठे ग्रॅनाइट, कुठे चुनखडी, कुठे तांबडा वालुकाश्म. व्होज आणि ब्लॅक फॉरेस्ट एके काळी एकसंध होते, मधला भाग खचला आणि ऱ्हाइनचं खोरं झालं. त्या पडझडीत खालचे थर वर आले. म्हणून एकाच जातीच्या द्राक्षाची चव दोन शेजारच्या उतारांवर वेगळी लागते, आणि इथला माणूस जातीच्या बरोबरीने उताराचंही नाव सांगतो.

एगिसहाइममध्ये घरांच्या रांगा गोलाकार आहेत, एकात एक. चालत राहिलं तर जिथून निघालो तिथेच येतो. रिकवीरमध्ये १२९१ चा दोल्देर हा वेशीचा बुरूज अजून उभा आहे. घरं लाकडी सांगाड्याची. ओकच्या जाड तुळया, मधल्या चौकटींत माती आणि गवताचा गिलावा, त्यावर रंग. असा सांगाडा सुटा करून दुसरीकडे उभा करता येत असे. कोपऱ्यातल्या खांबाशी थांबून पाहावं. लाकडाला उभ्या चिरा गेलेल्या आहेत, जोडाला लोखंडी खिळ्याऐवजी लाकडी खुंटी आहे. जवळच्याच एखाद्या दाराच्या चौकटीवर वर्ष कोरलेलं असतं आणि मालकाच्या धंद्याची खूण.

हुनावीरचं चर्च गावाबाहेर टेकाडावर, द्राक्षांच्या मधोमध, दफनभूमीसकट तटबंदीच्या आत आहे. त्या एकाच छताखाली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही शतकानुशतकं आपापली प्रार्थना करत आले आहेत. मला हे गाव सगळ्यांत आवडलं.

कायझर्सबेर्गमध्ये १८७५ साली आल्बर्ट श्वाइट्झर जन्मले. आफ्रिकेत लांबारेनेला रुग्णालय उभारणारे, १९५२ चं शांततेचं नोबेल मिळालेले हेच डॉक्टर. जन्माच्या वेळी गाव जर्मन होतं, म्हणून पहिलं महायुद्ध सुरू होताच फ्रेंच वसाहतीत सेवा करणाऱ्या या माणसाला शत्रूचा नागरिक ठरवून नजरकैदेत टाकलं गेलं. युद्ध संपलं, गाव फ्रेंच झालं आणि श्वाइट्झरही फ्रेंच झाले.

आपल्याकडे सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात आल्फोन्स दोदेची ‘द लास्ट लेसन’ ही कथा असते. आल्सास जर्मनीकडे गेल्यावर तिथल्या शाळेत जर्मन हुकमाने फ्रेंच शिकवणं बंद होतं आणि मास्तर शेवटचा धडा घेतात. ती वाचून मराठी मुलांच्याही डोळ्यांत पाणी येतं. ते यावंच. पण त्या काळी आल्सासच्या खेड्यांत घरोघरी बोलली जायची ती अल्सेशियन, जर्मन कुळातली बोली. कथेत तिला जागाच नाही. नाझींनी १९४० मध्ये प्रदेश बळकावला आणि फ्रेंचवर बंदी घातली. १९४५ नंतर फ्रेंच परत आली, तेव्हा शाळेच्या पटांगणात अल्सेशियन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. आज गावोगावी रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचखाली ती बोली लिहिलेली दिसते. नातवंडांच्या तोंडी मात्र ती क्वचितच आहे. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी माणसाने दोदेच्या कथेसोबत या पाट्याही वाचायला हव्यात.

१९४२ पासून आल्सास आणि शेजारच्या मोझेलमधल्या सुमारे १ लाख ३० हजार तरुणांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात भरती केलं गेलं. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवलं. हजारो परतलेच नाहीत. फ्रान्सच्या इतर गावांत युद्धस्मारकावर ‘फ्रान्ससाठी मरण पावलेले’ असं लिहिलेलं असतं. इथे बहुतेक ठिकाणी एवढंच असतं: ‘आमच्या मृतांना’. कोणासाठी मेले, ते लिहिण्याची सोय नाही. स्ट्रासबुर्गच्या स्मारकात एक आई दोन मरणासन्न मुलांना धरून बसली आहे. एक जर्मनीकडून लढला, दुसरा फ्रान्सकडून. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. १९३६ साली, म्हणजे दुसरं महायुद्ध यायच्या आधीच, शिल्पकार द्रिव्हिए यांनी ते घडवलं. युद्धावरचं इतकं खरं शिल्प मी दुसरं पाहिलेलं नाही.

रिकवीर दुसऱ्या महायुद्धातून जवळजवळ अभंग वाचलं. तिथून काही किलोमीटरवरचं आमेर्शवीर, तसंच बेनवीर आणि सिगोल्सहाइम, १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोल्मारभोवतीच्या लढाईत जवळपास जमीनदोस्त झाली. ती गावं पुन्हा बांधली गेली, साधी, सरळ, गिलाव्याच्या भिंतींची. पर्यटकांच्या बस तिथे सहसा थांबत नाहीत. पण त्यांच्या भोवतालचे उतार तेच आहेत, वेलींच्या ओळी तशाच सरळ आहेत आणि वाइन तितकीच चांगली आहे. लढाईनंतर ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, त्यांनीच पुन्हा या वेलींची छाटणी सुरू केली.

तुम्ही आल्सासला गेलात तर रिकवीर पाहाच, खिडक्यांतली जिरेनियम पाहा, कोल्मारच्या संग्रहालयातलं ग्रुनेवाल्डचं वेदीचित्र पाहा. आणि अर्धा दिवस आमेर्शवीरसाठी राखून ठेवा. तिथल्या एखाद्या बागाईतदाराकडे वाइन चाखा, मग गावातल्या स्मारकापाशी जाऊन त्यावरची नावं सावकाश वाचा.