दोन लाकडी घाट

सुट्टींत आमच्या घरचीं मुलें रोलर कोस्टरांत बसण्याचा हट्ट धरतात. त्या निमित्तानें अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील 'किंग्ज आयलंड' या क्रीडोद्यानांतल्या बापलेकांचा वृत्तांत आम्हीं मुद्दाम वाचला.

बाप 'बीस्ट', म्हणजे श्वापद. तो १९७९ सालीं सुरू झाला. लांबी ७,३५० फुटांहून अधिक. इतका लांब लाकडी रोलर कोस्टर जगांत अद्याप दुसरा नाहीं. चढण अवघी ११० फूट. पण रूळ रानांतल्या घळींतून नेल्यामुळें एक उतार १४१ फुटांचा लाभला. उरलेली खोली जमिनीनेंच पुरविली!

२००० सालीं तेथेंच 'सन ऑफ बीस्ट' उभारला. उंची तब्बल २१८ फूट, शिवाय गाडी उलटी फिरविणारें ११८ फुटांचें वर्तुळ. तें मात्र पोलादी आधारावर. यांतच आम्हांस काय तें कळलें. लाकूड उन्हापावसानें फुगतें, आटतें, भाराखालीं लवतें. थोडें लवणें हीच लाकडी गाडीची गंमत. परंतु भारास सीमा हवी. ९ जुलै २००६ रोजीं एक तुळई निकामी झाली, रूळ खचला, २७ जण जखमी झाले. मग वर्तुळ काढलें, हलक्या गाड्या आणल्या. तरी २००९ सालीं इजेची तक्रार येऊन तो बंद पडला, आणि २०१२ सालीं सांगाडा पाडला.

विक्रम करूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. बापही विक्रमवीरच आहे. पण २०२२ च्या हंगामापूर्वीं त्याचा सुमारें २,००० फूट रूळ पुन्हां नीट बांधून काढला. मुलांनीं त्यांत बसावें, आमची हरकत नाहीं.