खालचा सूर

करावे येथील दुकान बंद करून वडील घरी परतले, तेव्हा मुलगा नवी इलेक्ट्रिक बास गिटार मांडीवर घेऊन बसला होता. पहिल्या पगारातून घेतलेली ती वस्तू त्याने सीवूड्स स्थानकावरून पाठीवर वाहून आणली होती. दुकानात बसण्यास त्याने नकार दिल्यापासून पितापुत्रांत कामापुरतेच बोलणे उरले होते.

वडिलांनी गिटार उचलून पाहिली. भरीव लाकूड, लांब मान, चारच तारा, पण जाड. एक तार छेडली. आवाज जेमतेम उमटला.

“एवढे पैसे मोजलेस आणि आवाजच नाही?”

मुलाने तारांखालचे चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे दाखवले. तारेच्या कंपनातून तेथे क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. ॲम्प्लिफायर तो वाढवतो. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी अशी बास गिटार बाजारात आणली आणि माणसाहून उंच डबल बास वाहण्याचे वादकांचे कष्ट वाचले.

मग त्याने ॲम्प्लिफायर सुरू केला. सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. तो सूर कानांआधी छातीला जाणवला. फडताळातील स्टीलची भांडी किणकिणली.

वडिलांनी मोबाइलवर एक जुने चित्रपटगीत लावले. मुलगा चाचपडत, चुकत साथ करू लागला. थोड्याच वेळात बोटे हुळहुळली व तो थांबला. गाणे चालूच होते. मात्र खालचा आधार निघून गेल्यासारखे पोकळ वाटले.

“थांबलास का रे?” वडिलांनी विचारले आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.